सुट्टीवर असताना साहेब भेटले तर: नव्या जवानांसाठी

बाजारात, स्टँडवर किंवा लग्नात वरिष्ठ दिसले की नव्या जवानाचा हात आपोआप कपाळाकडे जातो. तो तिथेच थांबवा. भारतीय सैन्यात डोक्यावर टोपी किंवा पगडी नसताना हाताने सॅल्यूट करत नाहीत. साध्या कपड्यांत असाल तर हातातली पिशवी खाली ठेवा, मोबाइल खिशात घाला, सावधान उभे राहा आणि नजर देऊन ‘जय हिंद, सर’ म्हणा. बसलेले असाल तर आधी उठा. बोलण्याची सुरुवात कनिष्ठाने करायची, हस्तांदोलनासाठी हात मात्र वरिष्ठांनी पुढे करायचा.

सर्वांत जास्त घोळ संबोधनात होतो. लेफ्टनंटपासून वरच्या अधिकाऱ्यांना ‘सर’, तर नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर यांना ‘साहेब’. सुभेदारांना कर्नलही ‘साहेब’च म्हणतात, मग तुम्ही नुसत्या नावाने हाक मारणे शोभत नाही. रिसाल्यात, म्हणजे रणगाडा दलात, याच पदांना नायब रिसालदार, रिसालदार आणि रिसालदार मेजर म्हणतात. अधिकाऱ्यांच्या पत्नी सोबत असतील तर त्यांनाही नमस्कार करा, ‘मॅडम’ म्हणा; ‘वहिनी’ ही घरची सलगी इथे नको.

गर्दीच्या रेल्वे डब्यात हुद्दा किंवा युनिटचे नाव मोठ्याने घेऊ नका. चार अनोळखी कान असतात. तिथे हळू आवाजात ‘नमस्कार सर’ पुरे.

निवृत्तांना पत्रिका पाठवताना आधी हुद्दा, मग नाव, शेवटी कंसात ‘निवृत्त’ लिहा. ‘निवृत्त कर्नल’ हा क्रम चुकीचा, कारण निवृत्त माणूस होतो, हुद्दा नव्हे.