कुलाबा स्टेशन शोधायला निघताय? मग असं जा

रविवारी सकाळी जा, बाकी दिवशी त्या गर्दीत काही दिसायचं नाही. चर्चगेटला उतरलात की लगेच सबवेकडे पळू नका, प्लॅटफॉर्मच्या टोकाला लोकल जिथे बफरपाशी येऊन थांबते ना, तिथे जरा उभे राहा आणि दक्षिणेकडे बघा. 1930 पर्यंत रूळ इथे संपतच नव्हते, सरळ पुढे कुलाब्याला जायचे. 5 जानेवारी 1928 ला कुलाबा ते बोरिवली विजेची लोकल सुरू झाली आणि 31 डिसेंबर 1930 ला कुलाबा स्टेशन बंद, म्हणजे तीन वर्षंही पुरी नाहीत! बॅकबेला भराव घालून नवीन जमीन तयार होत होती, तिच्या आड हे रूळ येत होते, म्हणून काढले. लांब पल्ल्याच्या गाड्यांसाठी त्याच डिसेंबरात मुंबई सेंट्रल उघडलं होतं.

आता बाहेर पडून महर्षी कर्वे रोडने ओव्हल मैदानाच्या पश्चिम कडेने चालायला लागा. डावीकडे क्रिकेट आणि पलीकडे राजाबाई टॉवर, उजवीकडे त्या गोलसर बाल्कन्यांच्या बिल्डिंगा. त्या बिल्डिंगा भरावावरच्या, म्हणजे त्याआधी समुद्र इकडेच होता आणि लाइन त्याच्या काठाने जायची, हे एकदा डोक्यात बसलं की रस्ता वेगळाच दिसायला लागतो. कूपरेज ओलांडून वुडहाउस रोड धरा (बोर्डावर नाथालाल पारेख मार्ग असेल, गोंधळू नका) आणि बधवार पार्कच्या गेटपर्यंत या. हेच ते स्टेशन. आता रेल्वे अधिकाऱ्यांची कॉलनी आहे, आत सोडत नाहीत, बाहेरूनच बघा. मी वॉचमनला विचारलं तर म्हणाला, "स्टेशन? ते चर्चगेटला, साहेब, टॅक्सी करा."

टॅक्सी करू नका, अजून थोडं दक्षिणेला अफगाण चर्चपर्यंत जा. मुंबईतली पहिली बस 15 जुलै 1926 ला इथूनच क्रॉफर्ड मार्केटला सुटली, आणि कुलाब्यात ट्राम तर घोड्यांच्या जमान्यापासून, 1874 पासून. स्टेशन बंद झालं तेव्हा बस जेमतेम साडेचार वर्षांची. चर्चगेटला उतरून पुढे बसने जायचं ही सवय कुलाब्याला तेव्हापासूनची, उगाच बेस्टला नावं ठेवू नका.

घरात कोणी ऐंशीच्या पुढचं असेल तर आधी त्यांच्याजवळ बसा. पण "कुलाबा स्टेशन आठवतं का" असं विचारू नका, ते कोणालाच आठवणार नाही; "ट्राम कुठे थांबायची" असं विचारा. ट्राम 31 मार्च 1964 पर्यंत होती, त्यामुळे आठवणी निघतात, आणि दादर टीटीमधला टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस हेही त्याच ओघात कळतं. अजून खोलात जायचं असेल तर काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे.

परतताना कफ परेडहून मेट्रो पकडा, 2025 पासून रेल्वे परत इकडे आलीय, फक्त जमिनीखालून.