आरोपीच्या धार्मिक वेशाची अंगझडती: या चुका टाळा

ठाण्यात आणलेल्या माणसाच्या डोक्यावर पगडी असते, तोंडावर नकाब असतो, गळ्यात तुळशीची माळ नाहीतर लिंगायताचं इष्टलिंग असतं, कमरेला करदोटा असतो. यातलं काय काढायचं, कुणाच्या हातानं काढायचं, कुठे काढायचं आणि काढलेलं परत केव्हा द्यायचं, हे चार प्रश्न आहेत. नवे अंमलदार पहिल्या प्रश्नावर घाई करतात आणि पुढचे तीन विचारतच नाहीत. प्रकरण चिघळतं ते या तिघांपायी.

सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक म्हणजे आधी हात घालायचा आणि मग बोलायचं.

मराठवाड्यातल्या एका ठाण्यात रात्री ढाब्यावरच्या हाणामारीतला एक शीख ट्रकचालक आणला होता. गुन्हा साधा. माणूस दमलेला, पण शांत. आमच्या हवालदारांनी त्याचं नाव-गाव लिहून घेतलं आणि कोठडीत सोडायला सांगितलं. लॉकअप गार्डला नवा पोरगा होता. त्यानं एका शब्दानं न विचारता पगडी ओढून काढली आणि आरोपींच्या चपला ठेवतात त्या कोपऱ्यात टाकली. विचारलं तर म्हणाला, "साहेब, एवढं लांबलचक कापड आहे, रात्री फास लावून घेतला तर जबाबदार कोण?"

त्याची भीती खरी होती. पगडीचं कापड पाच मीटरच्या आसपास असतं आणि कोठडीत आत्महत्या झाली तर गार्डची नोकरी जाते. पण तो चालक त्या क्षणापासून डोक्यावर दोन्ही हात धरून बसला तो उठेचना. पाणी नको, जेवण नको, अटकेच्या कागदावर सही नको. सकाळी गुरुद्वाऱ्यातली माणसं फाटकाशी उभी राहिली, दुपारपर्यंत उपअधीक्षक येऊन गेले, हाणामारीचा तपास बाजूलाच राहिला. शेवटी हवालदारांनी स्वतः पगडी उचलली, झटकली, टेबलावर स्वच्छ टॉवेल अंथरून त्यावर ठेवली. चौकातल्या दुकानातून केस झाकण्यापुरता रुमाल आणवला आणि म्हणाले, "सरदारजी, आमच्या पोराचं चुकलं. हा रुमाल बांधून घ्या. पगडी कोर्टात जाताना तुमच्या हातात मिळेल." तो उठला, रुमाल बांधला आणि सही केली. रात्री हेच बोलायला दोन मिनिटं पुरली असती.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आधी सांगायचं: काय काढायला लागणार आहे आणि का. मग बंद खोलीत न्यायचं, समोर पुरुषासाठी पुरुष आणि बाईसाठी बाई. काढायचं त्या माणसानं स्वतःच्या हातानं. मी कापड वितभर वितभर चाचपून बघतो, केसांत काही लपवलंय का हे त्यालाच बोटं फिरवायला लावून बघतो. लगेच डोकं झाकायला काहीतरी हातात देतो. आमच्या ठाण्याच्या कपाटात धुतलेले सुती रुमाल कायम ठेवलेले असत, खर्च किरकोळ. पगडी पायाशी, जमिनीवर किंवा पादत्राणांजवळ कधीच ठेवायची नाही. फासाची भीती असेल तर कापड बाहेर आणि रुमाल आत. सुरक्षा आणि मान दोन्ही सांभाळता येतात, फक्त क्रम चुकवू नका.

रस्त्यावर तर आणखी जपा. ऑक्टोबर २०२० मध्ये हावड्यातल्या मोर्चात पोलिसांशी झालेल्या झटापटीत एका शीख अंगरक्षकाची पगडी सुटली. त्याच्याजवळ बंदूक होती, पगडी आपोआप पडली, अटकेआधी ती परत बांधायला आम्हीच सांगितलं, असा खुलासा पश्चिम बंगाल पोलिसांना करावा लागला. लोकांच्या लक्षात मात्र सुटलेली पगडीच राहिली. बंदोबस्ताला जाणाऱ्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं.

किरपाणाबद्दल थोडक्यात. राज्यघटनेच्या २५व्या अनुच्छेदाच्या स्पष्टीकरणातच किरपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग मानलेला आहे. तेव्हा पंचनाम्यात 'चाकू' लिहून शस्त्र कायद्याचं कलम लावायला धावू नका. कोठडीत ते जाऊ देता येत नाही हे खरंच आहे. त्यालाच उतरवायला सांगा, स्वच्छ कापडात गुंडाळा, 'किरपाण' असंच लिहा आणि रक्तानं माखलेल्या मुद्देमालाशेजारी ठेवू नका.

बाईच्या अंगझडतीचं दुखणं वेगळं आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४९वं कलम स्पष्ट सांगतं की बाईची झडती दुसऱ्या बाईनंच, शालीनता पूर्ण सांभाळून घ्यायची. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे ५१व्या कलमात होतं, म्हणजे नवं काहीच नाही. तरी रात्री महिला अंमलदार हजर नाही म्हणून "वरवर बघून घेतो" म्हणणारे भेटतातच. वरवर असं काही नसतं. शेजारच्या ठाण्यातून बोलवा, थांबा.

पण महिला अंमलदार असूनही एक चूक होते आणि ती कुणाच्या लक्षातच येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२० च्या आदेशानं ठाण्यात जवळपास सगळीकडे कॅमेरे लावायचे आहेत: कोठडी, व्हरांडा, अधिकाऱ्यांच्या खोल्या. स्वच्छतागृहाच्या बाहेर कॅमेरा, आत नाही. आदेश योग्यच आहे, त्यानं कोठडीतली मारहाण रोखायला मदत होते. पण बुरख्यातल्या बाईला कॅमेरा असलेल्या खोलीत उभं करून नकाब काढायला लावला, तर खोलीत दोन बायका असल्या तरी पलीकडे पडद्यावर पुरुष बघतो. माझ्या अनुभवात महिला कक्षात भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरीवर जाड पडदा टांगला की प्रश्न मिटतो. आत झडती घेणारी बाई आणि पंच बाई, बस्स. काय सापडलं ते बाहेर येऊन टेबलावर कॅमेऱ्यासमोर मांडायचं. संहितेचं १०५वं कलम जागेच्या झडतीचं आणि वस्तू ताब्यात घेण्याचं चित्रीकरण करायला सांगतं, बाईच्या अंगाचं नाही. हातात मोबाइल आला की हा फरक विसरणारी पोरं बघितली की मला संताप येतो. असा एकही फोटो कुठल्याही ग्रुपवर जाता कामा नये.

ओळखीचा फोटो काढताना हिजाब उतरवायला लावणं हाही असाच उतावीळपणा. आपल्याच पासपोर्टच्या नियमात धार्मिक कारणासाठी डोकं झाकलेलं चालतं. हनुवटीपासून कपाळापर्यंत चेहरा आणि त्याच्या दोन्ही कडा स्वच्छ दिसल्या की झालं. मग ठाण्यात जास्त कशाला हवं? नकाब वर करावाच लागेल, डोकं उघडं करायची गरज नाही. न्यूयॉर्क पोलिसांनी २०१७ मध्ये हिजाब काढायला लावून फोटो काढले, त्यावर खटला झाला, २०२० मध्ये त्यांना नियम बदलावा लागला आणि २०२४ मध्ये शहरानं पावणेदोन कोटी डॉलर देऊन तडजोड केली. बायकांचा चेहरा कॅमेऱ्यात आलाच असता, फक्त कुणी आधी विचार केला नव्हता.

दोऱ्यांचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे आणि इथे मी सवलतीच्या बाजूनं डोळे झाकून बोलणार नाही. जानवं, करदोटा, पारशी माणसाची कुस्ती (कमरेची पवित्र दोरी), तावीजाचा गोफ, माळ: या सगळ्यांचा फास होऊ शकतो. माणूस दारू प्यायलेला, रडणारा किंवा गप्प झालेला असेल तर काढाच. पण त्याला कारण सांगा, त्याच्या हातानं काढू द्या, पाकिटात घालून त्याच्यासमोर बंद करा आणि पावती द्या. ४९वं कलम आवश्यक कपडे सोडून बाकी वस्तू सुरक्षित ठेवायला सांगतं आणि पावतीही त्याच कलमात आहे. मेहेरबानी म्हणून देऊ नका. माणूस शांत असेल, गार्ड दर थोड्या वेळानं बघून जाणार असेल, तर माझ्या मते बारीक जानवं राहू द्यावं आणि तसं स्टेशन डायरीत लिहावं. माळकऱ्यालाही आधी विचारा, माळ घातल्यापासून त्यानं ती कधी उतरवलेली नसते.

इष्टलिंगाला हात लावू नका. सोलापूर-लातूरकडे नोकरी केलेल्यांना हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी लक्षात ठेवा. डबी त्यालाच उघडून दाखवायला सांगा, आत काय आहे ते नजरेनं बघा, झालं.

मंगळसूत्र घेतलंत तर वाट्या आणि वजन पंचांसमोर लिहा. जोडवी काढायला सहसा काहीच कारण नसतं.

आणि कोर्टात नेण्याआधी दहा मिनिटं राखून ठेवा. पगडी, हिजाब, टोपी, जे काढलं असेल ते पाकिटातून त्याच्या समोर काढा, नोंदीशी पडताळा, सही घ्या आणि बांधायला वेळ द्या. पगडी नीट बांधायला आरसा लागतो, तो ठाण्यात ठेवा. गाडी उभी आहे म्हणून हाका मारत बसू नका, गाडी थांबते.