जुन्या रोड सायकलला फिक्स्ड गिअर बसवताना

फिक्स्ड गिअरसाठी, म्हणजे चाक फिरत असेतो पॅडलही फिरत राहतात अशा जोडणीसाठी, जुनी पोलादी रोड सायकल निवडताना तिचा रंग आणि नाव नंतर पाहावे. आधी मागच्या चाकाचा आस ज्या खाचेत बसतो ती खाच, म्हणजे ड्रॉपआउट, पाहावी. ही खाच आडवी किंवा तिरपी लांबट असेल तर चाक पुढेमागे सरकवून चेनचा ताण जुळवता येतो. खाच सरळ उभी असेल तर ती सोय राहत नाही, म्हणून अशी फ्रेम या कामासाठी घेऊ नये.

त्यानंतर मागच्या दोन ड्रॉपआउटमधील अंतर मोजावे. पाच गिअरच्या जुन्या सायकलींत ते बहुधा १२० मि.मी. असते आणि ट्रॅक हब, म्हणजे फिक्स्ड गिअरच्या चाकाचा मधला भाग, थेट बसतो. सहा-सात गिअरच्या सायकलींत ते १२६ मि.मी. असल्यास आसावर दोन्ही बाजूंना ३ मि.मी. जाडीचे वॉशर घालावेत. जुनी २७ इंची चाके काढून किंचित लहान मापाची ७००सी चाके लावणार असाल तर रिमची कड ४ मि.मी. आत जाते, तेव्हा ब्रेकचे पॅड तेवढे खाली सरकतात का, हे चाके घेण्याआधीच तपासावे.

हबच्या बाबतीत तडजोड करू नये. खऱ्या ट्रॅक हबवर कॉगसाठी, म्हणजे मागच्या दातेरी चकतीसाठी, उजवे आटे आणि त्याबाहेर लॉकरिंगसाठी, म्हणजे कॉग जागी धरणाऱ्या कडीसाठी, थोडे लहान, उलटे आटे असतात. पॅडल मागे रोखले की कॉग सैल होऊ पाहतो, परंतु उलट्या आट्यांमुळे लॉकरिंग त्याबरोबर न सुटता उलट घट्ट होते. फ्रीव्हीलच्या, म्हणजे पॅडल थांबवले तरी चाक फिरू देणाऱ्या गिअरच्या, जुन्या हबवर कॉग घट्ट फिरवून किंवा गोंद लावून भागवणे धोक्याचे आहे, कारण वेग रोखण्याची गरज असते नेमक्या त्याच क्षणी तो सुटतो.

सर्वांत जास्त वेळ चेनलाइनला, म्हणजे पुढची आणि मागची दातेरी चकती एका रेषेत आणण्याला, द्यावा. ट्रॅक हबवर कॉग सहसा चाकाच्या मध्यापासून ४२ मि.मी. अंतरावर असतो. दोन चकत्यांच्या जुन्या क्रँकवर, म्हणजे पॅडलच्या दांड्यांवर, चेनरिंग (पुढची दातेरी चकती) आतल्या जागी, आखूड बोल्टांनी बसवली, तर ती बहुधा या अंतराच्या जवळ येते. तरीही प्रत्यक्ष मोजावे आणि फरक राहिल्यास बॉटम ब्रॅकेटचा, म्हणजे क्रँक ज्यावर फिरतात त्या बेअरिंगचा, स्पिंडल (आस) बदलावा. तिरकी चालणारी चेन आवाज करते, लवकर झिजते आणि निसटूही शकते.

चेनरिंग ४६ आणि कॉग १६ दातांचा हे गुणोत्तर सपाट रस्त्यावर बरे पडते. चढ अधिक असल्यास ४२ दातांची चेनरिंग घ्यावी. मागचे चाक घसटून थांबण्याची सवय असेल तर ४८ आणि १६ ही जोडी टाळावी, कारण क्रँकच्या प्रत्येक फेरीत चाक नेमके तीनदा फिरते आणि एकच पाय पुढे ठेवून थांबल्यास टायर दर वेळी एकाच जागी झिजतो.

चेन मध्यभागी वर-खाली सुमारे १ सें.मी. हलावी. चेनरिंग क्वचितच पूर्ण गोल असते, म्हणून क्रँक सावकाश फिरवून चेन सर्वांत ताठ होते त्या जागी हा ताण पाहावा.

पुढचा ब्रेक मात्र काढू नये, कारण चेन निसटली तर पायांनी थांबण्याचा मार्ग उरत नाही. रोड फ्रेमचा बॉटम ब्रॅकेट ट्रॅक सायकलीपेक्षा खाली असतो आणि वळणावर पॅडल थांबवता येत नसल्याने ते जमिनीला घासू शकते, म्हणून १६५ मि.मी.चे आखूड क्रँक बसवून वळणे सुरुवातीला हळू घ्यावीत. पहिल्या काही फेरफटक्यांनंतर कॉग पुन्हा आवळून मगच लॉकरिंग घट्ट करावे.