समाधीच्या दगडावर फोटो कोरताय? या चुका टाळा

नाशिक जिल्ह्यात, निफाड-दिंडोरीकडे शेताच्या बांधावर घरच्या माणसाची समाधी बांधतात. अलीकडे तिच्यावर काळ्या ग्रॅनाइटमध्ये लेझरने कोरलेला फोटो हवाच असतो. चेहरा बिघडला की खापर कारागिरावर फुटतं. चूक मात्र बहुतेक वेळा दगड मशिनवर चढण्याआधीच झालेली असते, नाहीतर समाधी उभी राहिल्यावर.

हा फोटो छापलेला नसतो. लेझरचा ठिपका पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरचे कण फोडतो आणि फुटलेली जागा पांढुरकी दिसते. म्हणजे चेहरा दिसतो तो बारीक तड्यांमुळे.

म्हणून तेल लावू नका. दिंडोरी तालुक्यातल्या एका समाधीचं उदाहरण घ्या. वर्षश्राद्धाला दुधाचा अभिषेक झाला, हळद-कुंकू वाहिलं आणि दगड चमकावा म्हणून कुणीतरी खोबरेल चोळलं. पाच मिनिटांत आजोबांचा गाल दिसेनासा झाला, कारण तड्यांत तेल भरलं की त्या पांढऱ्या दिसत नाहीत. मग घाबरून संडास साफ करायचं ॲसिड ओतलं. तेल तसंच राहिलं, पॉलिश मात्र मंद झालं. खरा उपाय कंटाळवाणा आहे. खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून जाडसर लेप द्यायचा, वर प्लास्टिक चिकटवून २४ तास ठेवायचा, मग सुकू देऊन काढायचा. हे दोन-तीनदा करावं लागतं. एरवी साधं पाणी आणि मऊ फडकं पुरे. दूध, हळद, तेल वाहायचंच असेल तर पादुकांवर वाहा, चेहऱ्यावर नको.

दुसरी चूक फोटोची. व्हॉट्सॲपवर आलेला, नाहीतर आधारकार्डावरून मोबाइलने काढलेला फोटो देतात आणि ‘हुबेहूब करा’ म्हणतात. २०० डीपीआयवर (म्हणजे एका इंचात २०० ठिपके) १० इंच उंच फोटोला उभ्या बाजूने २००० पिक्सेल लागतात. जुना पासपोर्ट फोटो (३५ × ४५ मिमी) १२०० डीपीआयला स्कॅन केला की साधारण २१२५ मिळतात. म्हणजे १० इंचांपर्यंत ठीक, दीड फुटाचा हट्ट नको. त्यातही फोटो मुळात धूसर असेल तर स्कॅनरने त्यात जीव येत नाही.

पांढरी टोपी शुद्ध पांढरी ठेवली तर सलग ठिपक्यांनी दगडाचे पापुद्रे सुटतात. ती थोडी करडी करून घ्या. काळे केस काळ्या दगडात बुडतात, म्हणून डोक्यामागे पुसट उजेड ठेवायचा. बऱ्याच मशिनवर फोटो उलटा, म्हणजे निगेटिव्ह करून द्यावा लागतो. ते विसरलं तर आजींचे पिकलेले केस काळे आणि कपाळावरचं कुंकू पांढरं. त्याच दगडाच्या तुकड्यावर दोन इंचांचा नमुना काढला की हे आधीच कळतं. पण तेराव्याच्या आत दगड हवा असणाऱ्यांना नमुन्याला वेळ कुठला? वर्षश्राद्धापर्यंत थांबलं तर काही बिघडत नाही.

नाशिकचं काळाराम मंदिर काळ्या पाषाणाचं, मग आपलाही दगड तोच, असं काहींना वाटतं. पादुका कोरायला तो उत्तम. फोटोला नाही, कारण त्यात बारीक छिद्रं असतात आणि नेमकी डोळ्यापाशी येतात.

ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्यावर ॲसिटोन घेऊन पॉलिश केलेली बाजू पुसा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे, परत करा.

नावातले ऱ्हस्व-दीर्घ घरातल्या दोघांनी कागदावर तपासून सही करावी. फाइल कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर करूनच द्या, नाहीतर दुसऱ्या संगणकावर फॉन्ट बदलून रफार भलत्याच अक्षरावर जातो.

चेहऱ्यात पांढरा रंग भरू नका, पावसात सुटतो.

पाया काळ्या मातीत सोडू नका, मुरूम लागेपर्यंत खणा. ती माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दगड कलतो.

समाधी द्राक्षबागेला लागून असेल तर बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या मिश्रणाच्या) फवारणीच्या दिवशी दगडावर ताडपत्री टाका. निळसर थर बसलाच तर ओला असतानाच भरपूर पाण्याने धुवा. वाळल्यावर ब्लेडने खरवडू नका, पॉलिशवर ओरखडे उठतात.