कोर्टात नवीन आहात? आधी हे शब्द समजून घ्या (ज्युनिअरशिपचा अनुभव)

एलएलबी झाल्यावर तालुक्याच्या कोर्टात सरांकडे ज्युनिअर म्हणून लागले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण पहिल्या आठवड्यातलं एक वाक्य अजून आठवतं. सर म्हणाले, "निशाणी पाचवर से आलाय का बघ, रोजनामा वाचून ये." निशाणी, से, रोजनामा, तिन्ही शब्द मला माहीत नव्हते, आणि पाच वर्षं कायदा शिकून आलेली मुलगी हे कसं विचारणार म्हणून मी विचारलंही नाही, तशीच शिरस्तेदारांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. कॉलेजात शिकवतात ती भाषा आणि महाराष्ट्रातल्या कोर्टात रोज बोलतात ती भाषा ह्यात खूप अंतर आहे, आणि ते भरून काढायला मला जवळपास वर्ष लागलं. तुमचं वर्ष वाचावं म्हणून हे लिहितेय, आणि ज्यांची स्वतःची केस चालू आहे त्यांनाही उपयोग होईल.

आधी त्याच वाक्यापासून. दाव्यात जो कागद येतो त्यावर कोर्ट नंबर टाकतं, तो नंबर म्हणजे निशाणी. वादपत्र (दावा ज्या कागदाने सुरू होतो तो) निशाणी १, आणि आपल्याकडे मनाईचा अर्ज (समोरच्याला एखादी गोष्ट करण्यापासून थांबवा असं मागणारा) बहुतेक वेळा निशाणी ५ ला असतो म्हणून वकील मंडळी त्या अर्जाला सरळ "निशाणी पाच" म्हणतात. से म्हणजे समोरच्याचं लेखी म्हणणं. तुम्ही अर्ज दिला की कोर्ट त्यावर लिहितं "अदर साइड टू से", म्हणजे एवढंच की समोरच्याला विचारा त्याचं काय म्हणणं आहे. हा अर्ज मंजूर झाला असं नव्हे आणि नामंजूरही नव्हे. आणि रोजनामा म्हणजे त्या केसची डायरी, त्या तारखेला कोण हजर होतं, काय झालं, पुढची तारीख कशासाठी, सगळं त्यात. नवीन माणसाने माझ्या मते दुसरं काही वाचायच्या आधी २०-२५ केसेसचे रोजनामे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावेत, केस कशी पुढे सरकते ते त्यातून जेवढं कळतं तेवढं पुस्तकातून नाही कळत.

हल्ली पक्षकार मोबाईलवर ई-कोर्टच्या अ‍ॅपमध्ये सीएनआर नंबर टाकून (हा केसचा १६ अक्षरी ओळख नंबर आहे, पक्षकाराला पहिल्याच दिवशी लिहून द्या) स्टेज बघतात आणि तिथे "अनरेडी" दिसलं की घाबरून फोन करतात. अनरेडी म्हणजे बिघडलं काही नाही, केस अजून पुराव्याला तयार नाही, समन्स, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), से असल्या गोष्टी बाकी आहेत एवढाच अर्थ.

आता ज्या शब्दावर मला सगळ्यात जास्त बोलायचंय तो शब्द, अजामीनपात्र.

एका प्रकरणात मुलाला अटक झाली होती आणि त्याची आई कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून होती. तिने विचारलं "मॅडम, काय कलम लावलंय?" आणि मी कागद बघून म्हटलं "मावशी, अजामीनपात्र आहे" आणि आत निघून गेले कारण पुकारा झाला होता. अर्ध्या तासाने बाहेर आले तर ती बाई रडून रडून बेजार, शेजारच्या कुणीतरी तिला सांगितलं होतं की आता केस संपेपर्यंत पोरगा सुटत नाही. चूक माझी होती. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नाही. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, जामीन द्यायला तयार असाल तर पोलिस स्टेशनलासुद्धा सोडावं लागतं. अजामीनपात्र गुन्ह्यात तो हक्क नाही, कोर्टाकडे मागावा लागतो आणि कोर्ट गुन्ह्याचं स्वरूप, पुरावा, आरोपी पळून जाईल का, साक्षीदारांवर दबाव आणेल का हे बघून ठरवतं. रोज कितीतरी अजामीनपात्र गुन्ह्यांत जामीन होतात. त्या दिवसापासून मी ठरवलं की पक्षकाराला नुसता शब्द सांगायचा नाही, शब्दाबरोबर उद्या काय होणार तेही सांगायचं.

त्यालाच चिकटून दखलपात्र आणि अदखलपात्र. दखलपात्र गुन्ह्यात पोलिस एफआयआर नोंदवून थेट तपास करू शकतात, वॉरंटशिवाय अटकही करू शकतात. अदखलपात्र म्हणजे ज्याला लोक "एनसी केली" म्हणतात ते, तिथे मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. एनसी घेऊन घरी गेलेला माणूस महिनाभर वाट बघत बसतो की पोलिस काहीतरी करतील, त्याला हे पहिल्याच दिवशी सांगा.

अटकेनंतर २४ तासांच्या आत, प्रवासाचा वेळ सोडून, मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. तिथे दोन शब्द कानावर पडतात, पीसीआर आणि एमसीआर. पीसीआर म्हणजे पोलिस कोठडी, एमसीआर म्हणजे मॅजिस्ट्रेट कोठडी, म्हणजे न्यायालयीन कोठडी, म्हणजे जेल. घरच्यांना एमसीआर ऐकून धक्का बसतो कारण "जेलमध्ये पाठवलं", आणि वकील मात्र तेव्हा सुटकेचा श्वास टाकतो, कारण पोलिस कोठडीतली चौकशी तूर्त संपली आणि जामिनाच्या अर्जाला आता जोर येतो. बहुतेक वेळा एमसीआर झाली की त्याच दिवशी अर्ज टाकतात. हे घरच्यांना आधीच समजावून ठेवा, वाईट बातमी वाटते ती खरं तर पुढची पायरी असते.

डिफॉल्ट बेल हा शब्द ज्युनिअरने काळजावर लिहून ठेवावा. दोषारोपपत्र, म्हणजे चार्जशीट, ठरलेल्या दिवसांत आलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्कच तयार होतो. फाशी, जन्मठेप किंवा १० वर्षं अगर त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला ९० दिवस, बाकीच्यांना ६०. पण अर्ज चार्जशीट यायच्या आधी पडला पाहिजे, नंतर गेलात तर हक्क गेला. म्हणून डायरीत दिवस मोजून लिहा.

जामीन झाला म्हणजे लगेच सुटका असंही नाही. जातमुचलका म्हणजे आरोपीने स्वतः लिहून दिलेलं बंधपत्र, आणि जामीनदार म्हणजे त्याच्यासाठी हमी घेणारा दुसरा माणूस, त्याची कागदपत्रं कोर्ट तपासतं. ऑर्डर हातात आहे पण जामीनदाराचे कागद अपुरे म्हणून माणूस आणखी काही रात्री आत काढतो हे मी खूपदा पाहिलंय, अर्ज टाकतानाच घरच्यांना जामीनदार तयार ठेवायला सांगायचं.

अजून एक गैरसमज सांगते. फिर्याद देणारा येतो आणि म्हणतो "आमचं मिटलं, मला केस मागे घ्यायचीय". पोलिस केस ही सरकार विरुद्ध आरोपी अशी असते, फिर्यादी त्यात साक्षीदार. गुन्हा तडजोडपात्र असेल तर कोर्टात तडजोड करता येते, काहींना कोर्टाची परवानगी लागते, नसेलच तर हायकोर्टात क्वॉशिंगला जावं लागतं, म्हणजे गुन्हाच रद्द करा असं मागायला.

इथे कलमांच्या नंबरांचं बोलायलाच हवं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी (दंड संहिता), सीआरपीसी (फौजदारी प्रक्रिया संहिता) आणि एव्हिडन्स अ‍ॅक्टच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम आले. त्याआधी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी आयपीसीच लागते, त्यामुळे एकाच बोर्डावर (कोर्टाच्या त्या दिवसाच्या केसेसच्या यादीत) जुनी नवी दोन्ही कलमं येतात. खुनाचं ३०२ आता १०३ झालं, फसवणुकीचं ४२० आता ३१८(४). सगळ्यात फसवं ४८२, सीआरपीसीत ४८२ म्हणजे क्वॉशिंग, आणि नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन (क्वॉशिंग गेलं ५२८ ला). "४८२ टाकायचंय" असं सिनिअर म्हणाले की कुठलं ते विचारून घ्या, विचारण्यात काही कमीपणा नाही. चेक बाउन्सचं १३८ मात्र वेगळ्या कायद्यातलं आहे, ते तसंच आहे.

आता दिवाणी. इथे शब्द जुने आणि गोड आहेत, कैफियत, दरखास्त, पुरसीस, पण प्रत्येकाच्या मागे मुदत लपलेली आहे. दाव्याला प्रतिवादीचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. साध्या दाव्यात त्यानंतरही योग्य कारण दाखवून, बऱ्याचदा खर्च भरून, परवानगी मिळू शकते, पण कमर्शियल, म्हणजे व्यापारी व्यवहाराच्या, दाव्यात १२० दिवसांनंतर दार बंदच. प्रतिवादी हजर झाला पण कैफियत दिली नाही तर "विनाकैफियत" किंवा "नो डब्ल्यूएस" ऑर्डर होते, आणि समन्स मिळूनही तो आलाच नाही तर "एकतर्फी". दोन्ही ऑर्डर वेगळ्या, रद्द करायचे अर्जही वेगळे. मी एकदा विनाकैफियत असताना एकतर्फी रद्द करण्याचा अर्ज ड्राफ्ट करून नेला होता आणि तो सरांनी वेळेत बघितला म्हणून निभावलं. रोजनाम्यात नेमका कुठला शब्द लिहिलाय ते बघूनच अर्ज करा.

मनाई हुकूम दोन टप्प्यांत समजून घ्या. समोरच्याला ऐकायच्या आधीच घाईची गरज म्हणून मिळतो तो अ‍ॅड-इंटरिम, आणि दोघांचं ऐकून दाव्याचा निकाल लागेपर्यंत मिळतो तो तूर्तातूर्त मनाई हुकूम. कोर्ट तीन गोष्टी बघतं, प्रथमदर्शनी केस आहे का, मनाई दिली किंवा नाही दिली तर जास्त गैरसोय कुणाची, आणि पैशाने भरून न येणारं नुकसान होईल का. "जैसे थे" हा हुकूम ऐकायला छान वाटतो पण त्यात एक खाच आहे. ताबा कुणाचा हाच वाद असेल आणि हुकुमात ते लिहिलेलंच नसेल, तर दोन्ही पक्ष तोच कागद घेऊन दुसऱ्या दिवशी शेतात उभे राहतात आणि दोघेही म्हणतात माझ्या बाजूने झालंय. म्हणून युक्तिवाद करतानाच सांगायचं की आज ताबा कुणाचा आहे ते नमूद व्हावं.

पुरसीस म्हणजे कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन, "आमचा पुरावा संपला", "आमची तडजोड झाली" असं. अर्ज म्हणजे मागणी, पुरसीस म्हणजे कळवणं. दोन ओळींचा कागद म्हणून हलक्यात घेऊ नका, पुरावा संपल्याची पुरसीस दिल्यावर नवीन साक्षीदार आणायचा तर पुन्हा कोर्टाची परवानगी मागत बसावं लागतं.

साक्षीत सरतपास म्हणजे आपल्या साक्षीदाराचं म्हणणं (दिवाणीत ते शपथपत्रावर देतात), उलटतपास म्हणजे समोरचा वकील प्रश्न विचारतो ते, आणि फेरतपास म्हणजे उलटतपासात काही गोंधळ झाला असेल तर आपल्या वकिलाने पुन्हा विचारणं. पक्षकाराला फक्त एवढं सांगा, जे माहीत आहे ते सांगायचं, माहीत नाही तिथे "मला माहीत नाही" म्हणायचं.

रिमांड शब्दाला दोन अर्थ आहेत हेही लक्षात असू द्या, फौजदारीत कोठडी, आणि अपिलात "मॅटर रिमांड झालं" म्हणजे वरच्या कोर्टाने प्रकरण खालच्या कोर्टाकडे पुन्हा चालवायला पाठवलं. तसंच डिस्चार्ज आणि अ‍ॅक्विटल. चार्ज ठेवायच्या आधीच पुरेसं काही नाही म्हणून सोडलं तर डिस्चार्ज, पूर्ण खटला चालून सोडलं तर निर्दोष मुक्तता.

शेवटी निकाल. कारणं लिहिलेलं ते निकालपत्र, आणि त्यावरून कोणाला काय मिळालं ते सांगणारा हुकूमनामा, म्हणजे डिक्री. दावा जिंकला की लोक समजतात जमीन मिळाली, पैसे मिळाले. समोरचा आपणहून देत नसेल तर दरखास्त दाखल करावी लागते, हुकूमनाम्याची अंमलबजावणी करून द्या म्हणून, आणि त्याला साधारणपणे १२ वर्षांची मुदत आहे (कायम मनाईच्या हुकूमनाम्याला मुदत नाही). हरलात तर जिल्हा कोर्टात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९०. नक्कल (निकालाची कोर्टाने दिलेली प्रत) मिळायला लागलेला वेळ ह्या दिवसांतून वजा होतो, पण तो मोजतात नकलेचा अर्ज केल्यापासून नक्कल तयार होईपर्यंत, म्हणून निकाल लागला त्याच दिवशी संध्याकाळच्या आत नकलेचा अर्ज टाका, आणि नक्कल हातात आली की मागच्या शिक्क्यावरच्या तारखा तिथेच उभं राहून तपासा, चूक असेल तर काउंटरवरून हलायच्या आधी दुरुस्त करून घ्या.