वॉर्म-अपची ऊब ब्लॉकपर्यंत पोचली पाहिजे

मी शंभर मीटर ब्रेस्टस्ट्रोक पोहायचे तेव्हाची एक शर्यत अजून डोक्यातून जात नाही. सकाळी भरपूर वॉर्म-अप केला आणि मग ओल्या कॉस्च्यूममध्ये बाकावर पाऊण तास बसून राहिले. ब्लॉकवरून, म्हणजे शर्यत सुरू करायच्या चौथऱ्यावरून, उडी मारली ती पाय दुसऱ्याचे असल्यासारखी. आता मुलांना शिकवते, तेव्हा पहिली गोष्ट हीच सांगते: वॉर्म-अप संपल्यानंतरचा वेळसुद्धा वॉर्म-अपचाच भाग आहे.

स्नायू गरम असले की ते झटकन आणि जोरात आकुंचन पावतात. पाण्याबाहेर आलात की ही ऊब उतरायला लागते. म्हणून पाण्यातला वॉर्म-अप शर्यतीच्या वीस ते तीस मिनिटं आधी संपेल असा धरा. मोठ्या मुलांना मी हजार ते पंधराशे मीटर देते. त्यातलं बहुतेक आरामात, मध्ये थोडी किक, आणि शेवटी शर्यतीच्या वेगाने पंधरा-पंधरा मीटरचे दोन-तीन स्प्रिंट. दम लागेपर्यंत पोहायचं नाही.

बाहेर आल्यावर लगेच अंग कोरडं करा. सुका ट्रॅकसूट, मोजे, बूट. मग आपलाच तळहात मांडीवर ठेवून बघा. मांडी गार लागली तर बसू नका, चालत राहा. कॉल रूममध्ये (शर्यतीआधी स्पर्धकांना जमवतात त्या खोलीत) जायच्या आधी दहा स्क्वॉट, पाय पुढे-मागे झुलवणं, आणि जागच्या जागी तीन-चार उंच उड्या, मध्ये थांबून थांबून. एकाच ताणात मिनिटभर थांबणारं स्ट्रेचिंग या वेळी नको, त्याने उडीतला जोर कमी होतो. ते संध्याकाळी करा.

आता पायांच्या ताकदीबद्दल. फ्रीस्टाइलमध्ये पुढे नेण्याचं बरंचसं काम हात करतात, म्हणून पायांचा व्यायाम टाळणारे खूप भेटतात. पण ब्लॉक आणि भिंत ही पायांचीच जागा आहे. पंचवीस मीटरच्या तलावात दोनशे मीटर पोहताना ७ टर्न येतात, म्हणजे सात वेळा भिंतीला रेटा द्यायचा. ब्रेस्टस्ट्रोक सोडून बाकीच्या प्रकारांत स्टार्ट आणि प्रत्येक टर्ननंतर १५ मीटरपर्यंत पाण्याखाली राहता येतं, आणि तिथला वेग त्या रेट्यातून आणि डॉल्फिन किकमधून, म्हणजे दोन्ही पाय जोडून मारलेल्या किकमधून, येतो. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये तर किकच मोठा वाटा उचलते.

आठवड्यातून दोनदा अर्धा तास पुरतो: स्क्वॉट, लंज (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं), पायरीवर चढणं, चवड्यांवर उभं राहणं, आणि शेवटी उभ्याने लांब उडी. उडीनंतर जमिनीवर येताना गुडघे आत वळत असतील तर वजन उचलून व्यायाम करू नका, आधी ते सुधारा. ब्रेस्टस्ट्रोकवाल्यांनी मांडीच्या आतल्या स्नायूंकडे नीट लक्ष द्यावं. गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखायला लागलं की किक लगेच कमी करा, अंगावर काढू नका. शर्यतीच्या आधीचे तीन दिवस पायांचा जड व्यायाम बंद.

ताकदीबरोबर घोटाही सैल हवा. टाचांवर बसा, पावलांची वरची बाजू जमिनीला टेकवून. घोट्याच्या पुढच्या बाजूला खूप ताण येत असेल तर मजबूत मांड्या असूनही किक पाण्यात अडकते. हे रोज दोन मिनिटं, हळूहळू.

आणि लांब शर्यतीत पहिल्यापासून जोरात किक मारू नका. मांड्यांचे स्नायू मोठे, प्राणवायूही जास्त खातात.

टर्नचा सराव मी मुद्दाम सत्राच्या शेवटी घेते, पाय दमलेले असताना. पावलं कुल्ल्याइतक्या अंतरावर, गुडघे काटकोनाच्या आसपास, हात कानांमागे घट्ट. आठ टर्न, प्रत्येकानंतर पाय न हलवता नुसतं सरकत जायचं, आणि शरीर कुठे थांबतं ती फरशी मोजायची. आठव्या टर्नलाही पहिल्याइतक्याच फरश्या मिळाल्या, की त्या दिवशी मी मुलांना लवकर घरी सोडते.