नवी चेन सटकते? गिअरच्या केबलला हात लावण्याआधी हे तपासा

सायकलला नवी चेन टाकली, पहिला चढ लागला, जोर दिला आणि पॅडल खाडकन पुढं गेलं. असं झालं की कुणी चेन खराब निघाली म्हणून बदलून मागतो, कुणी गिअरची केबल पिळत बसतो. दोन्ही उपाय बहुतेक वेळा वाया जातात. नवी चेन क्वचितच खराब निघते. दोष बहुधा मागच्या चाकावरच्या चकत्यांच्या झिजलेल्या दात्यांत असतो, नाहीतर चेन जोडलेल्या त्या एका कडीत. कुठं आहे ते शोधायचं तर चेन नेमकी कधी सटकते, याकडे लक्ष द्यावं लागतं.

तपास पूर्ण होईपर्यंत सीटवरून उठून पॅडल मारू नका. चेन सटकली की पायाखालचा आधार एका क्षणात जातो आणि सगळं अंग हँडलवर नाहीतर दांड्यावर आदळतं. रहदारीत तर ही चाचणी करूच नका.

आधी किरकोळ गोष्टी उरकून घ्या. चेन तुमच्या मागच्या गिअरच्या संख्येचीच आहे ना, ते पाकिटावर वाचा. ८ गिअरची चेन बाहेरून सुमारे ७ मिमी रुंद असते, ११ गिअरची साडेपाचच्या आसपास. एकीच्या जागी दुसरी चालत नाही. मागच्या डिरेलरच्या, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाच्या, पिंजऱ्यात पत्र्याची एक छोटी जीभ असते. चेन तिला घासत जात असेल तर ती चुकीच्या बाजूनं ओवली आहे. बिनगिअरची सायकल असेल तर मागचं चाक सरळ ठेवून ओढा आणि नट आवळा. चेन मधोमध साधारण १ सेंमी खालीवर झाली पाहिजे.

आता पॅडल हातानं उलटं, सावकाश फिरवा आणि डिरेलरच्या खालच्या छोट्या चाकाकडे बघा. एखादी कडी वाकलेलीच राहून पुढं येते आणि डिरेलरला हिसका देते का? तशी असेल तर ती चेन जोडताना आवळली गेलेली कडी. चालवतानाही ती ओळखता येते, कारण झटका ठरावीक अंतरानं बसतो. पुढची चकती ४४ दात्यांची आणि चेन ११० कड्यांची असेल तर पॅडलच्या दर अडीच फेऱ्यांनी. ती कडी दोन्ही हातांत धरून आडवी, डावी-उजवीकडे हलकेच वाकवा. मोकळी होते.

झटक्याला काही ताल नसेल, तर मात्र दात्यांकडे वळा. माझा जवळजवळ एक महिना इथंच गेला. सायकल उलटी करून हातानं पॅडल फिरवलं की सगळे गिअर लोण्यासारखे पडायचे, म्हणून दाते चांगले आहेत असं मी धरून चाललो आणि केबलचा स्क्रू पाव पाव फेरा इकडं तिकडं करत राहिलो. रस्त्यावर जोर दिला की पुन्हा तेच. चूक चाचणीतच होती. केबल बिघडलेली असेल तर चेन हातानं फिरवतानाही टकटक करते, शेजारच्या चकतीवर चढू पाहते. दाते झिजलेले असतील तर हातानं फिरवताना काहीच कळत नाही. भार पडला तरच चेन सटकते.

चेन ताणली जाते असं आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या लांबत नाहीत. आतल्या पिना झिजतात आणि दोन कड्यांमधलं अंतर वाढत जातं. जुन्या चेनसोबत दातेही त्याच वाढलेल्या अंतराला घासून जुळलेले असतात. नव्या चेनचं अंतर नेमकं १२.७ मिमी. तिचे रोलर त्या घासलेल्या खाचांत तळाला बसत नाहीत, जोर येताच दात्यावर चढतात आणि उडी मारतात.

म्हणून चाचणी अशी करा. मोकळ्या रस्त्यावर, सीटवर बसूनच, एकेका मागच्या चकतीवर जोर देऊन पाहा आणि कुठं सटकते ते कागदावर लिहा. तुम्ही रोज वापरता त्याच दोन-तीन चकत्यांवर सटकत असेल आणि क्वचित वापरलेल्या चकत्यांवर मुळीच नाही, तर दाते गेलेत. नुसत्या नजरेवर विसंबू नका. गिअर नीट पडावा म्हणून कंपनी काही दाते मुद्दाम आखूड आणि तिरके कापते, आणि लोक नेमके तेच झिजलेले समजतात. जुनी चेन टाकून दिली नसेल तर मोजा: २४ कड्या पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भराव्यात. त्या १/८ इंचानं जास्त भरल्या तर दाते वाचले असतील अशी आशा धरू नका.

सगळ्याच गिअरमध्ये सटकत असेल तर आणखी एक पाहा. मागचा ब्रेक दाबून धरा आणि पॅडल हातानं जोरात पुढं दाबा. पॅडल सरकलं आणि चेनबरोबर मागची चकतीही फिरली, चाक मात्र जागेवर, तर चेनचा दोष नाही. चकत्यांना चाकाशी जोडणारे, फ्रीव्हीलच्या आतले खटके धरत नाहीत.

दाते गेले असतील तर कॅसेट किंवा फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चकत्यांचा संच, बदला. खर्च लगेच झेपत नसेल तर जुनी चेन परत चढवा आणि दोन्ही पूर्ण झिजेपर्यंत चालवा. सटकत नसेल तोवर त्यात काही गैर नाही. पण ‘चालवत राहा, आपोआप बसेल’ हा सल्ला मुळीच ऐकू नका. बसेपर्यंत प्रत्येक चढावर पडायचा धोका तुमचा. कानशीनं दाते घासू नका, चेनची कडी काढून ती आखूडही करू नका. कडी काढून दात्यांचा आकार बदलत नाही, आणि मोठ्या चकत्यांवर चेन ताणून डिरेलर मोडतो.

कॅसेट बदलल्यावर तीच चाचणी पुन्हा करा. आताही पुढच्या एकाच चकतीवर सटकत असेल, तर तीही बदलायला झाली आहे.